व्हॉल्वच्या रेडिओचे कूळ

यंत्रमागांच्या भिवंडीत जुन्या रेडिओंचा संग्रह हा छंद वरवर पाहता उपरा वाटतो. परंतु या वस्तूचे कूळ तपासले तर भारतात प्रसारणाचा जन्मच हौशी माणसांच्या छंदातून झाला, आणि शासन व कंपन्या त्यात मागाहून आल्या, असे दिसते. जून 1923 मध्ये ‘रेडिओ क्लब ऑफ बॉम्बे’ या हौशी मंडळाने मुंबईतून कार्यक्रम प्रसारित केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याच्या क्लबाने तोच मार्ग धरला. त्यानंतर चार वर्षांनी, 23 जुलै 1927 रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. या केंद्राच्या प्रक्षेपकाची शक्ती अवघी दीड किलोवॅट होती व त्याचा परिणामकारक पल्ला सुमारे 48 किलोमीटर मानला जाई. सरळ रेषेत मुंबईपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर असलेली भिवंडी त्या पल्ल्याच्या अगदी काठावर येत होती.

काठावर असण्याला तांत्रिक अर्थ होता. त्या काळचा सर्वांत स्वस्त संच म्हणजे ‘क्रिस्टल सेट’. त्यात गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या खड्यावर बारीक तार टेकवून ध्वनीचा संकेत वेगळा केला जाई आणि विजेची गरज पडत नसे, मात्र आवाज फक्त कानाला लावलेल्या हेडफोनवर व तोही केंद्राच्या जवळपासच नीट ऐकू येई. दूरच्या श्रोत्याला व्हॉल्वशिवाय गत्यंतर नव्हते. व्हॉल्व म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यातील तापलेल्या भागातून निघणारे इलेक्ट्रॉन एकाच दिशेने वाहतात, म्हणून 1904 मध्ये फ्लेमिंग यांनी ती प्रथम सिद्ध केल्यावर इंग्रजांनी तिला ‘झडप’ या अर्थाचे नाव दिले, तर अमेरिकनांनी तिला नुसती ‘नळी’ म्हटले. मराठीने इंग्रजांचा शब्द उचलला. 1906 मध्ये डी फॉरेस्ट यांनी तिच्यात तिसरा अग्र म्हणून तारेची जाळी बसवली, आणि या जाळीवरील क्षीण संकेताने मोठा प्रवाह कमी-अधिक करता येऊ लागल्यामुळे दुबळा संकेत बलवान करणे शक्य झाले.

या साधनाची एक बाजू संग्रहाच्या दृष्टीने निर्णायक ठरली. दिव्याप्रमाणे व्हॉल्वचेही आयुष्य मर्यादित असल्याने तो संचात कायमचा न जोडता खोबणीत, म्हणजे सॉकेटमध्ये, खोचला जाई, आणि बिघडलेला व्हॉल्व उपसून दुसरा बसवणे हे काम गल्लीतला रेडिओ दुरुस्त करणारा सहज करू शके. त्याच्यामागून आलेला ट्रान्झिस्टर (1947 मध्ये अमेरिकेत सिद्ध झालेला अर्धवाहकाचा घटक) पट्टीवर डाखाने पक्का बसू लागला. तो टिकाऊ होता, पण तो लावलेला संच बिघडला की अनेकदा टाकून देणेच परवडू लागले. मराठी बोलीने हा भेद अचूक टिपला: घरातला मोठा लाकडी किंवा बेकेलाइटचा संच तो ‘रेडिओ’, आणि शेतावर नेता येणारा छोटा तो ‘ट्रान्झिस्टर’. ‘नभोवाणी’ व ‘आकाशवाणी’ हे शब्द संस्थेकडे गेले. वस्तूला ते कधी चिकटलेच नाहीत.

जुना संच आज संग्राहकाच्या हाती लागतो तो श्रीमंतांच्या दालनांनी जपला म्हणून क्वचितच, बहुधा तो पुन:पुन्हा दुरुस्त होत राहिला म्हणून. उलट, अनेक संच त्यांच्यातील ट्रान्सफॉर्मरच्या तांब्यापायी भंगारात फुटले. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेल्या संचासोबत परवान्याचे पुस्तक निघाले तर संग्राहक त्याला संचाइतकेच मोल देतो, कारण रेडिओ बाळगण्यासाठी शासकीय परवाना लागे, त्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे, आणि ही पद्धत 1980 च्या दशकात संपेपर्यंत त्या पुस्तकावरचा टपालाचा शिक्का हाच संचाचा जन्मदाखला होता. आरंभीच्या काळी शुल्क वर्षाला 10 रुपये होते व त्यातील 80 टक्के प्रसारण कंपनीला मिळत. एवढे असूनही 1930 साली कंपनी बुडाली, यात नवल नाही, कारण परवानेच हजारांच्या घरात होते.

मिळालेला संच थेट विजेला जोडणे हा नवख्याचा ठरलेला अपराध. अनेक वर्षे बंद राहिलेले विद्युतधारक (कारागिरांच्या भाषेत कंडेन्सर) आतून सुकलेले किंवा गळके झालेले असतात, आणि एका गळक्या कंडेन्सरमुळे शेवटचा व्हॉल्व व ट्रान्सफॉर्मर दोन्ही जळू शकतात. म्हणून जाणकार मधे ‘सिरीज बोर्ड’ ठेवतो, म्हणजे संचाच्या वाटेत साधा तारेचा दिवा जोडतो. संचात कोठे प्रवाहाला आडवाट मिळाली असेल तर दिवा भगभगून पेटतो व संच वाचतो. सारे ठीक असेल तर तो क्षणभर उजळून मंदावतो, आणि थोड्या वेळाने व्हॉल्वच्या तळाशी तांबूस झाक दिसू लागते. भिवंडीत यानंतरही कान किटवणारी खरखर शिल्लक राहते, कारण मागांच्या मोटारी चालू-बंद होताना स्टार्टरमध्ये उडणाऱ्या ठिणग्यांचे लहरींत रूपांतर होते आणि मध्यम लहरींचा पट्टा ते सगळे इमानाने पकडतो.

सुताच्या या शहरात संग्राहकाला खरी अडचण येते ती मात्र सुताचीच. केंद्र बदलताना डायलवरचा काटा सरकतो तो कप्प्यांवरून फिरणाऱ्या एका दोऱ्याने. हा दोरा ताणला जाता कामा नये आणि पितळी दांड्यावर घसरताही कामा नये, त्यामुळे सुती दोरा सैल पडतो, गुळगुळीत कृत्रिम धागा निसटतो, आणि लाखो माग असलेल्या गावात हातभर योग्य दोरी शोधत हिंडावे लागते. स्पीकरपुढच्या कापडाची गत तीच. ते विरळ विणीचे, ताणा व बाणा यांच्यामध्ये हवेला वाट ठेवणारे, अनेकदा सोनेरी धाग्याची रेघ असलेले असे. घट्ट विणीचे ग्रे, म्हणजे धुलाई-रंगाई न झालेले कोरे कापड तेथे लावले तर आवाजातील उंच स्वर दबतात आणि गाणे गोधडीआडून आल्यासारखे वाटते. म्हणून मूळ कापड फाटलेले असले तरी जाणकार ते काढून फेकत नाही. कोमट पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, मागून विरळ जाळीचा आधार देऊन ते पुन्हा चौकटीवर ताणतो.