प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुप : कलेची मान्यता व मूल्य

स्वातंत्र्योत्तर काळातील भारतीय आधुनिक कलेला वळण देणारा मुंबईतील चित्रकार-शिल्पकारांचा गट. स्थापना १९४७. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी आरा, हरी अंबादास गाडे व शिल्पकार सदानंद बाकरे हे त्याचे संस्थापक-सदस्य होत. नवी कला आधी लोकांच्या नजरेस येते, मग तिला मान्यता मिळते आणि अखेरीस तिची किंमत ठरते, हा क्रम या गटाच्या इतिहासात स्पष्टपणे आढळतो.

गटाच्या उदयकाळी मुंबईच्या कलाजगतावर सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची (१८५७) वास्तववादी परंपरा व बाँबे आर्ट सोसायटीची (१८८८) वार्षिक प्रदर्शने यांचा प्रभाव होता. नव्या शैलीतील चित्रांना ग्राहक क्वचितच लाभत. अशा वेळी नाझी राजवटीमुळे मध्य यूरोपातून आलेल्या तिघांचे साहाय्य मोलाचे ठरले. रूडॉल्फ फोन लायडेन यांनी वृत्तपत्रीय समीक्षेतून या कलेचा अर्थ वाचकांपर्यंत पोहोचविला. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांनी मार्गदर्शन केले, तर उद्योजक इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी चित्रे विकत घेतली. गटाच्या १९४९ मधील प्रदर्शनाचे उद्‌घाटन मुल्कराज आनंद यांनी केले. त्यानंतर लवकरच सूझा लंडनला व रझा पॅरिसला गेले आणि १९५६ च्या सुमारास गट विसर्जित झाला.

गट संपला, तरी त्याच्या कलेला आधार देणाऱ्या संस्था याच काळात उभ्या राहत होत्या. मुंबईत जहांगीर कलादालन (१९५२), तर दिल्लीत ललित कला अकादमी व राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (दोन्ही १९५४) यांची स्थापना झाली. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी या चित्रकारांच्या कृती संग्रहित केल्या. चौकटींचा व्यवसाय करणारे केकू गांधी यांनी १९६३ मध्ये जहांगीर कलादालनाच्या इमारतीत ‘गॅलरी केमोल्ड’ सुरू केली. सार्वजनिक संग्रहात प्रवेश मिळाल्याने ही कला राष्ट्रीय वारशाचा भाग मानली जाऊ लागली.

बाजारातील किंमत मात्र फार उशिरा वाढली. गटाशी निकटचा संबंध असलेले तय्यब मेहता यांचे ‘महिषासुर’ हे चित्र २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १५ लाख डॉलरहून अधिक किंमतीस विकले गेले. हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ (१९५४) हे चित्र एका डॉक्टरने विकत घेऊन पुढे ऑस्लो येथील रुग्णालयास दिले होते. तेथे ते अनेक दशके कलाजगताच्या दृष्टीआड राहिले. २०२५ मध्ये त्यास १ कोटी ३७ लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. चित्र तेच होते. पालटली होती ती त्याच्याभोवतीची मान्यता.

ही मान्यता सर्वांना सारखी लाभली नाही. एकाच गटातून पुढे आलेल्या आरा, गाडे व बाकरे यांच्या कृतींना लिलावांत हुसेन, रझा वा सूझा यांच्याइतकी मागणी आली नाही. शिवाय पुनर्विक्रीतील लाभ मुख्यतः संग्राहकाच्या पदरी पडतो. कॉपीराइट अधिनियमात १९९४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कलाकारास वा त्याच्या वारसांस पुनर्विक्रीच्या रकमेत दहा टक्क्यांपर्यंत हिस्सा मागण्याचा हक्क दिला, तो या विषमतेच्या जाणिवेतूनच. त्यामुळे लिलावातील किंमत हा कलागुणांचा अखेरचा निवाडा मानता येत नाही; कोणाची कला जपली, दाखविली व चर्चिली गेली, याची ती प्रामुख्याने नोंद असते.