मुंबईचा टॅक्सी-व्यवसाय आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न

मुंबईच्या वाहतुकीचा इतिहास आजवर मुख्यतः ट्राम, उपनगरी रेल्वे आणि बस यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. टॅक्सीचा उल्लेख आला तरी तो प्रवाशाच्या दृष्टीने येतो. भाड्याचे दर, मीटर आणि चालकाने दिलेला नकार हेच विषय पुनःपुन्हा चर्चिले जातात. या व्यवसायाची अंतर्गत घडण कशी झाली आणि त्यातील कोणाला शासनदरबारी बोलण्याचा अधिकार होता, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहिला. त्याचे उत्तर संपांच्या इतिहासापेक्षा मोटार वाहन कायद्याच्या एक-दोन कलमांत अधिक स्पष्ट सापडते.

शहरात टॅक्सी आली ती १९११ च्या सुमारास. तत्पूर्वी भाड्याच्या वाहनांचे राज्य व्हिक्टोरियाचे होते व त्यावर १८६३ च्या आणि पुढे १९२० च्या सार्वजनिक वाहन अधिनियमांचे नियंत्रण असे. हे नियंत्रण पोलिसांकडे होते. भाड्याची गाडी हा सुव्यवस्थेचा विषय मानला जाई, आणि गाडीवान हा ज्याच्यावर नजर ठेवावी असा इसम. त्याच्या व्यवसायाचे म्हणणे ऐकून घेण्याची कल्पना त्या रचनेत बसणारी नव्हती. घोडागाडीकडून मोटारीकडे झालेले स्थित्यंतरही वाटते तितके तुटक नव्हते. पालनपूर परिसरातून आलेल्या चिलिया मुसलमान कुटुंबांनी घोड्याचा लगाम सोडून मोटारीचे चक्र हाती घेतले व पिढ्यान्‌पिढ्या तोच धंदा केला, हे तारिणी बेदी यांच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसून येते. परवाना सरकारचा असला तरी धंद्यातील प्रवेश नात्यागोत्याच्या वाटेनेच होत असे.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने या व्यवस्थेला नवे रूप दिले. टॅक्सी ही कंत्राटी गाडीच्या वर्गात आली व तिचे परमिट देण्याचे काम प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे गेले. या प्राधिकरणात सरकारी तसेच बिनसरकारी सभासद नेमता येत. तथापि ४४ व्या कलमाने एक स्पष्ट मर्यादा घातली होती : कोणत्याही वाहतूक व्यवसायात मालक, नोकर वा अन्य नात्याने ज्याचा आर्थिक हितसंबंध आहे, अशा व्यक्तीस सभासद होता येणार नाही. निःपक्षपातासाठी ही तरतूद आवश्यक होती यात शंका नाही. तिचा परिणाम मात्र असा झाला की ज्यांच्या पोटापाण्याचा निर्णय व्हावयाचा, ते सर्वच निर्णयाच्या दालनाबाहेर राहिले.

मग त्यांचे म्हणणे आत पोहोचण्याची वाट कोणती? ५० वे कलम या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखे आहे. कंत्राटी गाडीचे नवे परमिट द्यावे की नाही हे ठरविताना प्राधिकरणाने सार्वजनिक हिताच्या दृष्टीने आणखी गाड्यांची गरज किती आहे ते पाहावे. तसेच त्या प्रदेशात आधीपासून परमिट धारण करणाऱ्यांनी, स्थानिक संस्थेने किंवा पोलिसांनी केलेली निवेदने विचारात घ्यावीत, असे ते सांगते. परंतु ही निवेदने कशाविषयी असावीत हेही कलमातच नमूद आहे : दिलेली परमिटे प्रदेशाच्या गरजेला पुरेशी आहेत अथवा गरजेपेक्षा अधिक आहेत, एवढेच सांगण्यापुरती. म्हणजे कायद्याने मान्य केलेले या व्यवसायाचे प्रतिनिधित्व दुहेरी संकुचित होते. बोलावयाचे ते परमिटधारकाने, आणि तेही ‘आता अधिक नकोत’ एवढेच. नवे परमिट मागणाऱ्याला किंवा दुसऱ्याची गाडी चालविणाऱ्याला या कलमात स्थान नाही.

हा दुसऱ्याची गाडी चालविणारा चालक या व्यवसायाचा कणा होता. परमिट एकाच्या नावावर, गाडी पाळीवर दुसऱ्याच्या हाती, आणि दर पाळीला ठरलेली रक्कम मालकाला देऊन इंधनाचा खर्च वजा जाता उरेल ते चालकाचे, अशी पद्धत रूढ झाली. असा चालक नोकर की गाडीचा भाडेकरू? या प्रश्नाचे उत्तर संदिग्ध राहिल्याने कामगार कायद्यांचे छत्र त्याच्यावर नीट धरले गेले नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याला मालक आणि कामगार असे दोन पक्ष लागत. येथे पहिली अडचण मालक कोणाला म्हणावे हीच होती. मोटार वाहतुकीतील कामगारांसाठी १९६१ साली खास कायदा झाला, पण तो पाच वा अधिक कामगार असलेल्या उद्योगांनाच लागू होता. एका टॅक्सीवर दोन पाळ्यांत चालणारे दोघे चालक त्याच्या कक्षेत येणे शक्यच नव्हते.

ही स्थिती अपरिहार्य होती असे मात्र म्हणता येत नाही. लंडनमध्ये १८९४ साली घोडागाडीच्या चालकांनी संप केला, तो प्रवाशांच्या भाड्यावरून नव्हे, तर मालकाला रोज द्याव्या लागणाऱ्या गाडीभाड्यावरून. गृहमंत्री अ‍ॅस्क्विथ यांनी मध्यस्थी करून त्या रकमेचे दर ठरवून दिले. मालक व चालक हे दोन वेगळे पक्ष आहेत ही गोष्ट त्या निवाड्याने मान्य केली. मुंबईत सरकारने प्रवाशाकडून घ्यावयाचे भाडे पैपैशाने बांधले. चालकाने मालकाला काय द्यावे, हा मात्र त्या दोघांतील खाजगी ठराव राहिला.

कायद्याने सोडलेली ही पोकळी संघटनांनी भरून काढली. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यातील ‘संघटना’ या शब्दाची व्याख्या व्यापक असून कामगार-कामगार आणि मालक-मालक यांच्यातील संबंधांचाही तीत समावेश होता. त्यामुळे मालक, मालक-चालक आणि नुसता चालक यांना एकाच झेंड्याखाली येता आले. मुंबई टॅक्सीमेन्स युनियन ही यांतील सर्वांत प्रभावी संघटना. तिला जॉर्ज फर्नांडिस यांचे नेतृत्व लाभले. १९६७ साली स. का. पाटील यांचा दक्षिण मुंबईत पराभव करणाऱ्या या नेत्याच्या शहरातील प्रतिष्ठेमागे टॅक्सीवाल्यांसारख्या विखुरलेल्या श्रमिकांची जूट होती. पुढे ए. एल. क्वाड्रोस यांनी दीर्घकाळ युनियनची धुरा वाहिली. ‘टॅक्सीमेन’ हा शब्दच बोलका आहे. त्यात मालक आणि चालक यांतील भेद दिसत नाही. शासनाशी भांडताना हा भेद झाकला जाणे हे बळ होते. भाडेवाढीची मागणी दोघांचीही असे, आणि भाडे ठरविणारे सरकार असल्यामुळे संपही सरकारविरुद्धच होई. पण वाढलेल्या भाड्यातील किती हिस्सा पाळीची रक्कम वाढून मालकाकडे जावा, हा प्रश्न अशा संघटनेला उघडपणे विचारणे कठीण होते.

पुढे तिसरा पक्षही पुढे आला. हकीम समितीच्या सूत्रानुसार २०१२ साली भाडेवाढ झाली तेव्हा मुंबई ग्राहक पंचायतीने तिला न्यायालयात आव्हान दिले. प्रवाशाला अशा रीतीने संघटित वाणी मिळाली. पाळीवरच्या चालकाला तोपर्यंतही ती स्वतंत्रपणे मिळालेली नव्हती.

याच काळात व्यवसायावर वेगळेच संकट आले. फेब्रुवारी २००८ मध्ये उत्तर भारतीय टॅक्सीचालकांवर हल्ले झाले. जानेवारी २०१० मध्ये नव्या परमिटांसाठी पंधरा वर्षांचे वास्तव्य आणि मराठीचे ज्ञान आवश्यक ठरविण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णय जाहीर झाला. त्यावर वादळ उठताच मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनी हिंदी वा गुजराती येत असली तरी चालेल असा खुलासा केला. ऑटोरिक्षांच्या परमिटांबाबत काढलेले मराठीसक्तीचे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये रद्द केले. मराठी भाषकांच्या शहरात मराठीचा आग्रह अस्वाभाविक नव्हता. पण या वादात अट घालणारा आणि अट झुगारणारा, दोघेही परमिट कोणाला मिळावे याविषयीच बोलत होते. परमिट ज्याला कधीच मिळणार नव्हते, तो या चर्चेतही अनुपस्थित राहिला.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. परमिटधारकांच्या निवेदनांची जुनी तरतूद त्यात राहिली नाही. हितसंबंधी व्यक्तीस प्राधिकरणावर घेऊ नये ही मर्यादा मात्र ६८ व्या कलमात कायम आहे. १९९७ साली मुंबईत नव्या परमिटांवर बंदी आली आणि जुन्या परमिटाचे मोल वाढले. २००७ पासून मेरूसारख्या कंपन्यांच्या गाड्या, व त्यानंतर ओला व उबर यांच्या गाड्या रस्त्यावर आल्या. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर वीस वर्षांची वयोमर्यादा संपून निवृत्त झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी त्या काळ्या-पिवळ्या गाडीवर हळवेपणाने लिहिले. २०१९ च्या दुरुस्तीने ९३ व्या कलमात ‘अ‍ॅग्रिगेटर’ हा नवा परवानाधारक आला. १९३९ साली कायद्यासमोर परमिटधारक उभा होता, आता कंपनी उभी आहे. आणि गाडी चालविणारा माणूस दोन्ही वेळा त्यांच्या मागे.