स्थानिक संगणकजाळे खंडित झाल्यावर प्रोग्रॅम का कोसळतात?

रायपूर : ब्राह्मणपारासारख्या जुन्या, दाट वस्तीत वीज क्षणभर गेली तरी इन्व्हर्टरवरील संगणक चालू राहतो. कोपऱ्यातील स्विचला मात्र असा आधार असतोच असे नाही. वीज लगेच परतली, तरी स्विच पूर्ववत होईपर्यंत जाळे खंडित राहते आणि तेवढ्यात बिलाचा प्रोग्रॅम बंद पडतो. खापर जाळ्यावर फुटते. खरा दोष बहुधा जाळे अखंड राहील असे गृहीत धरणाऱ्या प्रोग्रॅमचा असतो. सन मायक्रोसिस्टिम्सचे एल. पीटर डॉइच यांनी १९९४च्या सुमारास मांडलेल्या भ्रामक गृहीतकांच्या यादीत हेच पहिले होते.

कोसळण्याची कारणे एकसारखी नसतात. विंडोज प्रोग्रॅमचे भाग गरजेनुसार स्मृतीत आणते. प्रोग्रॅमच दुसऱ्या संगणकाच्या सामायिक फोल्डरमधून चालवला असेल, तर जाळे तुटताच पुढचा भाग मिळत नाही आणि तो तत्काळ बंद पडतो. युनिक्सवर तुटलेल्या जोडणीत लिहू पाहणारी प्रक्रिया, वेगळी तजवीज नसल्यास, थेट संपुष्टात येते. कधी उलट घडते. दूरच्या टोकाची केबल निघाली तरी अलीकडच्या संगणकाला कोणतीही सूचना मिळत नाही. स्वस्थ पडलेली जोडणी जिवंत आहे का, याची लिनक्समधील तपासणी चालू केली तरी ती मूळ मांडणीनुसार २ तासांनी सुरू होते. तोवर पडदा गोठलेला दिसतो.

कोसळण्यापेक्षा अर्धवट नोंद अधिक घातक. फॉक्सप्रो, अ‍ॅक्सेस यांसारख्या सामायिक फाइलींवर चालणाऱ्या प्रणालींत लेखन मध्येच थांबल्यास अनुक्रमणिका बिघडू शकते. स्वतंत्र डेटाबेस सर्व्हर मात्र अपुरा व्यवहार मागे घेतो.

रायपुरात २०१२ मध्ये रेशन दुकानांसाठी ‘कोर पीडीएस’ ही केंद्रीय संगणकप्रणाली सुरू झाली. अशा व्यवस्थेत प्रश्न थेट शिधापत्रिकाधारकाचा असतो. तांदूळ सर्व्हरवर वजा झाला, पण पोच यंत्रापर्यंत आली नाही, तर दुकानदार पुन्हा प्रयत्न करतो आणि कोटा दोनदा कमी होण्याचा धोका उद्भवतो. प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक दिल्यास सर्व्हर दुसरी मागणी ओळखून नाकारू शकतो.

मोठ्या यंत्रणाही यातून सुटलेल्या नाहीत. १ डिसेंबर २०२२ रोजी केबल तुटल्याने मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २वरील संगणकयंत्रणा ठप्प झाली. प्रवाशांच्या रांगा लागल्या आणि पास हाताने द्यावे लागले.

कार्यालयापुरता उपाय फार खर्चाचा नाही. स्विच व राउटर संगणकाच्याच यूपीएसवर जोडावेत, प्रोग्रॅम प्रत्येक संगणकावर स्वतंत्र बसवावा आणि हिशेब लिहिणारा संगणक वाय-फायऐवजी केबलवर ठेवावा. नवी प्रणाली स्वीकारण्यापूर्वी नोंद सुरू असताना केबल काढून पुन्हा लावावी व पावती आणि साठ्याचे आकडे ताडून पाहावेत. अर्थात चालू हिशेबावर नव्हे, त्याच्या प्रतीवर.