शिसं हटवायचं की बाई?

बाईचा गर्भ पडला की पहिला प्रश्न तिलाच. काय खाल्लंस, काय उचललंस? ती दिवसभर कशात काम करते, हे कुणी विचारत नाही. तो प्रश्न 1860 साली फ्रान्समधल्या कॉन्स्तांतँ पॉल या डॉक्टरानं विचारला.

छापखान्याचे खिळे तेव्हा शिशाचे असत. ते घासून साफ करणाऱ्या बायकांची त्यानं साधी चौकशी केली. कामाला लागण्याआधी बाळंतपणं कशी झाली, आणि नंतर कशी? आधी सुखरूप बाळंत झालेल्यांचे गर्भ नंतर एकामागून एक पडले होते. शिशाची पूड श्वासातून आणि हाताबरोबर पोटात जाते, रक्तात मिसळते आणि वारेतून गर्भापर्यंत पोचते. पॉलनं आणखी एक नोंद केली. शिशात नवरा काम करत असला, तरी बायकोचे गर्भ पडत.

पहिली गोष्ट लोकांनी ऐकली, दुसरी नाही. इंग्लंडमध्ये शिशाचा सफेदा बनवण्याच्या धोक्याच्या कामांत 1898 साली बायकांना बंदी झाली. बायका विषातून सुटल्या, पण मजुरीही गेली. पुरुष तिथंच राहिले.

पुढं 1978 साली अमेरिकेत, वेस्ट व्हर्जिनियातल्या अमेरिकन सायनामिड कंपनीनं नियम केला. मूल होऊ शकणाऱ्या बाईला शिशाच्या रंगखात्यात काम नाही. नोकरी टिकावी म्हणून पाचजणींनी मूल न होण्याचं ऑपरेशन करून घेतलं! बॅटऱ्या बनवणाऱ्या जॉन्सन कंट्रोल्स कंपनीचा असाच नियम 1991 साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं बेकायदा ठरवला. धोका पुरुषालाही आहे, मग बंदी बाईलाच का?

आपल्याकडं 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यानं गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. ती हवीच. पण ती गर्भ पडल्यावरची.

आपल्यातल्या कित्येकींच्या घरी बॅटरीचा, रंगाचा, छोट्या कारखान्याचा धंदा आहे. कामावरच्या बाईला दिवस गेले की “उद्यापासून येऊ नकोस” म्हणणं सोपं असतं. धूळ ओढणारा पंखा, हात धुवायला साबण-पाणी, कामाचे कपडे तिथंच ठेवायची सोय, आणि तिला त्याच मजुरीत दुसरं काम, याला पैसे पडतात. पाणी गाळून पिणारी घरं आपली. कारखान्यातली हवा गाळायचं मनावर आपणच घ्यायला हवं, आणि हिशेबाच्या वेळी घरच्या पुरुषांना सांगायलाही हवं.