खोडलेला आकडा

आमच्या तेरखेड्यात फटाके बनतात. वात किती वेळात जळेल असं विचारलं, तर जाणता माणूस एकच आकडा सांगत नाही. "पाच-सहा सेकंद" म्हणतो आणि स्वतः लांब जाऊन उभा राहतो.

नववीत मी नेमका याच्या उलट वागलो. मैदानाची लांबी टेपनं मोजायची होती. तीन गटांची तीन उत्तरं आली : ६०.२, ६०.५ आणि ५९.९ मीटर. आमचं ५९.९ मी खोडलं आणि ६०.२ लिहिलं, कारण ते हुशार मुलांचं होतं. सरांनी वही बघितली. "खोडलंस तेही मोजलेलंच होतं ना? तिन्ही लिही, आणि वेगळे का आले तेही लिही."

पुढे भारताच्या मोजणीचा इतिहास वाचताना हा प्रसंग आठवला. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्टननं त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. आधी जमिनीवर एक सरळ पायारेषा अगदी नेमकी मोजायची आणि तिच्यावरून त्रिकोणांची साखळी देशभर नेत जायची. १८१५ मध्ये तो बिदरला पोचला. बिदर काय, तेरखेडा काय, दोन्ही तेव्हा निजामाच्या राज्यात.

त्याची पोलादी साखळी १०० फुटांची होती. ऊन लागलं की पोलाद लांबतं : एका अंश सेल्सिअसला साधारण पाव-अर्धा मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण बिदरची रेषा सुमारे आठ मैलांची. तापमानात दहा अंशांची चूक झाली, तर शेवटी जवळजवळ दीड मीटरचा घोळ! म्हणून साखळीसोबत थर्मामीटर ठेवलेले असत.

१८२३ मध्ये लॅम्टन हिंगणघाटला वारला. काम जॉर्ज एव्हरेस्टनं पुढे नेलं. १८४१ मध्ये अँड्र्यू वॉच्या देखरेखीखाली बिदरची रेषा पुन्हा मोजली गेली. या वेळी लोखंड आणि पितळ जोडून केलेल्या दहा फुटी पट्ट्या होत्या. दोन धातू वेगवेगळे प्रसरण पावतात, त्याचाच उपयोग करून पट्टीवरच्या दोन खुणांमधलं अंतर कायम राखलं होतं.

मग खरी परीक्षा. सुमारे ६८० किलोमीटर उत्तरेच्या सिरोंजपासून त्रिकोणांवरून काढलेली बिदरच्या रेषेची लांबी आणि जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेली लांबी, यांत सुमारे चार इंचांचा फरक निघाला. तो कुणी खोडला नाही, नोंदवून ठेवला. त्या चार इंचांमुळेच कळतं, बाकीच्या मोजणीवर किती भरवसा ठेवायचा.

तुमच्या मोबाइलच्या नकाशात ठिपक्याभोवती निळं वर्तुळ दिसतं ना? तेही हेच सांगतं : तुम्ही बहुधा याच्या आत कुठेतरी आहात.

सरांनी शेवटी तिन्ही आकड्यांची सरासरी काढायला लावली. ६०.२ आली. हुशार मुलांचंच उत्तर! पण ती माझं ५९.९ धरूनच आली होती. माझा खोटा आकडा घेतला असता, तर ६०.३ आली असती.