नालेची अंगठी

घोड्याच्या वापरलेल्या नालेपासून केलेली लोखंडी अंगठी, शनीची अंगठी. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील शनिशिंगणापूर (ता. नेवासा) येथे पूजासाहित्याच्या दुकानांत तेल व रुईच्या पानांच्या हारांबरोबर ती विकतात.

संकेत : ज्योतिषात लोखंड शनीचे आणि मधले बोटही त्याचेच; म्हणून ती शनिवारी मधल्या बोटात घालतात. नाल काळ्या घोड्याची, आपोआप गळालेली असावी आणि घडवताना लोखंड तापवू नये, असे मानतात. नावेच्या खिळ्याची अंगठीही चालते. फळाचा विचार येथे केलेला नाही.

घडण : कारागिराला यांतला न तापवण्याचा संकेतच जड जातो, कारण लोहाराची अर्धी विद्या भात्यात असते. नालेचे पोलाद कमी कर्बाचे, मऊ असते. तरी पूर्ण जाडीची नाल न तापवता बोटाच्या मापाला वळत नाही. करवतीने अरुंद पट्टी काढून, कानशीने कडा मारून, निमुळत्या दांड्यावर ती हलक्या ठोक्यांनी वळवावी लागते. थंड ठोकलेला धातू कडक होत जातो, आणि तापवून मऊ करण्याची मुभा नसल्याने घाई झाली की तडा जातो. टोके उघडी राहतात, कारण डाक लावायचा तर आग आलीच. नक्षीला वाव जवळपास नाही.

शिल्पासारखी उठावदार अंगठी हवी असल्यास आता धातुमाती मिळते. धातूची भुकटी व चिकट द्रव्य यांचा हा लगदा हाताने घडवून, वाळवून भाजतात. द्रव्य जळते, कण सांधतात, वस्तू आकसते. 1990 च्या दशकात जपानमध्ये चांदीपासून या तंत्राचा प्रसार सुरू झाला. तांबे, कांसे, पोलाद नंतर आले. पोलादी माती कोळशाच्या भुकटीत पुरून भाजावी लागते, एरवी ती हवेने काळवंडते व कण सांधत नाहीत. शनीच्या अंगठीला मात्र ही वर्ज्यच : तीत नाल नाही, आणि आग आहे.

शनिशिंगणापूर परिसरातील जुने दागिने : येथे पुरावा तांब्याचा आहे. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया व सहकाऱ्यांनी 1954–56 मध्ये नेवासा येथे केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन बालदफनात गळ्यातील तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या क्षारांमुळे तिचा धागाही टिकला. तपासणीत त्यात रेशीम व कापूस दोन्ही आढळले. भारतातील रेशमाच्या जुन्या पुराव्यांत त्याची गणना होते. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडींबरोबर तांब्याची बांगडीही सापडली. या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतींत लोखंड नव्हते. तेव्हा शनीच्या अंगठीचा त्यांच्याशी सांधा जुळवता येत नाही.

निगा : तेलाचा हात फिरवावा, अंगठी घामाने गंजते.

परीक्षा : नालेचे लोखंड आणि बाजारातील साधी पट्टी यांतला फरक तयार अंगठीवरून नजरेने ओळखता येत नाही.