कुठले सलिव्हन?

1900 सालचा जून. दुपारच्या उकाड्यात तुम्ही ब्रुकलिनमधल्या एका भाड्याच्या इमारतीचा जिना चढताय. दोन पायऱ्या पुढे खानेसुमारीचा कारकून आहे, बगलेत रुंद तक्त्यांचा गठ्ठा. तिसऱ्या मजल्यावर दार उघडतं. पासष्टी उलटलेली बाई, कोपरापर्यंत हात साबणाने ओले. नाव मेरी. माहेरचं आडनाव सलिव्हन, सासरचंही सलिव्हन, आणि यात कुणालाच काही नवल वाटत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ही मेरी कुणा एकीची खापरपणजी नव्हे. आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, केरी परगण्यातल्या टुओसिस्ट नावाच्या पॅरिशमधून 1851च्या सुमारास अमेरिकेला गेलेल्या अनेकींची मिळून ती मी उभी केली आहे. तिचे रस्ते, तिची बँक, तिचा जमीनदार आणि तिच्या शहरातली दंगल मात्र खरी आहे.

कारकून विचारत जातो. जन्माचा महिना आणि साल? अमेरिकेत कधी आलात? मुलं किती झाली? त्यातली हयात किती? हा शेवटचा प्रश्न या तक्त्यात खरोखरच छापलेला आहे. मेरी म्हणते, "अकरा." मग थांबून, "चार." कारकून मान वर करत नाही, त्याला अजून दोन मजले उरकायचे आहेत. जन्म कुठला? "आयर्लंड," ती म्हणते आणि पुढे काहीतरी सांगू पाहते, पण त्याने लिहून टाकलेलं असतं. अमेरिकेला देश कळला की पुरे होतं. आयर्लंडात साठ हजारांवर छोटे छोटे गाव-शिवार आहेत. त्यातलं तिचं कुठलं, हे या कागदावर कधीच येणार नाही. आयरिश पूर्वज शोधणारे बहुतेक लोक याच जिन्यात अडकून पडतात.

तेव्हा मागे चला.

1890च्या खानेसुमारीचं दार उघडणार नाही. ते कागद पुढे 1921 सालच्या वॉशिंग्टनमधल्या आगीत आणि त्यानंतर जवळजवळ सगळेच गेले. 1880 मध्ये मेरी बेचाळीस वर्षांची आहे, 1870 मध्ये पस्तीस, 1860 मध्ये सत्तावीस. दर दहा वर्षांनी ती सात-आठ वर्षांनीच मोठी होते. याला लबाडी म्हणू नका. जन्मतारीख ज्यांच्या कधी कामाला आली नाही, त्यांचं वय अंदाजपंचेच असतं.

मध्ये एक सोमवार लागतो, 13 जुलै 1863. तो टाळून पुढे जाता येईल आणि बऱ्याच घरगुती इतिहासांनी तो टाळलाच आहे. तुम्ही न्यूयॉर्कच्या थर्ड ॲव्हेन्यूवर आहात. अमेरिकेच्या यादवी युद्धासाठी सक्तीच्या सैन्यभरतीची सोडत चाललेली कचेरी जळते आहे. तीनशे डॉलर भरले की भरतीतून सुटका, असा कायदा आहे, आणि गोदीतल्या मजुराची ती जवळपास वर्षभराची कमाई. गर्दीत आयरिश हेल सर्वांत मोठा. इथवर तुमची सहानुभूती शाबूत असते. मग दुपारी तीच गर्दी फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या काळ्या मुलांच्या अनाथालयाकडे वळते. दोनशेहून जास्त मुलं मागच्या दाराने बाहेर काढली जातात आणि इमारत लुटून पेटवली जाते. पुढचे तीन दिवस काळ्या माणसांना रस्त्यात गाठून मारलं जातं, दिव्याच्या खांबांना लटकवलं जातं. गुरुवारपर्यंत शंभराहून जास्त माणसं मेलेली असतात.

मेरीचा नवरा या गर्दीत आहे का? तुम्ही चेहरे शोधता. वंशावळ शोधणाऱ्याला पूर्वज भुकेला चालतो, हातात दगड घेतलेला चालत नाही. सात महिन्यांपूर्वी त्याच युद्धात फ्रेडरिक्सबर्गच्या टेकडीवर आयरिश ब्रिगेडचे सुमारे बाराशे जण चालून गेले, त्यातले पाचशेहून जास्त मारले गेले किंवा जखमी झाले. असा पूर्वज मिळाला तर लोक त्याचा फोटो चौकटीत लावतात. पण सलिव्हन तिथेही होते आणि या रस्त्यावर नसतील असं मानायला काहीच आधार नाही. नवरा रात्री घरी येतो, शर्टाला धुराचा वास. त्या दिवशी अर्ध्या शहरालाच धुराचा वास आहे.

आता 1855. चेंबर्स स्ट्रीट, क्रमांक 51. इथे जरा जास्त वेळ थांबू, कारण सगळी गोम इथेच आहे.

ही एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँक. आयरिश स्थलांतरितांच्या मदतीसाठी चाललेल्या संस्थेच्या मंडळींनी बिशप जॉन ह्यूज यांच्या पाठबळाने ती 1850 मध्ये काढली. रांगेत ओझी वाहणारे, फेरीवाले, शिवणकाम करणाऱ्या आणि धुणं धुणाऱ्या बायका आहेत. मेरी पुढे सरकते. लुगड्यासारखा गुंडाळलेला जाड शालीचा पदर सोडून नाणी मोजते. तिला सही येत नाही, ती फुली मारते. आणि बँकेची पंचाईत नेमकी हीच आहे. उद्या दुसरीच कुणी मेरी सलिव्हन येऊन फुली मारेल आणि हिचे पैसे घेऊन जाईल. शहरात या नावाच्या बायका शेकड्यांनी आहेत.

म्हणून कारकून एक वेगळी वही उघडतो. कुठली तू? केरीची. केरीत कुठली? टुओसिस्टची. कुठल्या जहाजाने आलीस, कधी? बापाचं नाव? आईचं, माहेरच्या आडनावासकट? जिवंत आहेत की गेले? भाऊ किती, बहिणी किती, कोण इथे आणि कोण तिकडे? नवरा कुठला? आपल्याकडे जसं "कुठले कुलकर्णी तुम्ही?" या प्रश्नावर गाव, घराणं आणि मामाचं आडनाव आलं की मगच समोरच्याचं समाधान होतं, तसाच हा कारकून पिच्छा सोडत नाही. पुढच्या खेपेला ती पैसे काढायला येईल तेव्हा तो यातलेच दोन-तीन प्रश्न विचारून पाहील. उत्तर चुकलं तर पैसे नाहीत.

तुम्ही त्याच्या खांद्यावरून वाचता आणि तुमचा श्वास अडकतो. सरकारने, जहाज कंपनीने, जकात कचेरीने जे कधी विचारलं नाही, ते सगळं इथे चार ओळींत आहे. मेरीच्या आठवणी जपाव्यात म्हणून कुणी हे लिहिलेलं नाही. तिच्यावर विश्वास नव्हता म्हणून लिहिलं. गरिबांच्या इतिहासाची बरीचशी साधनं अशीच असतात, कुणाला तरी पैसे बुडण्याची धास्ती होती म्हणून टिकलेली. या वह्या आता न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत.

मेरी बाहेर पडते, तिच्या मागे जा. पाचेक मिनिटांत तुम्ही फाइव्ह पॉइंट्स या बकाल वस्तीत असता. ऑरेंज स्ट्रीटला नुकतंच बॅक्स्टर स्ट्रीट म्हणू लागले आहेत आणि अँथनी स्ट्रीटला वर्थ, जणू नाव बदललं की वास जाईल. 1842 मध्ये चार्ल्स डिकन्स इथे पोलिस बरोबर घेऊन हिंडला आणि जे पाहिलं त्याचं भयंकर वर्णन करून गेला. डुकरं, दारूचे गुत्ते, तळघरातली बिऱ्हाडं, सगळं खरं आहे. मेरीच्या दोन खोल्यांत तिचं कुटुंब आणि वर पोटभाडेकरू आहेत, सगळे टुओसिस्टचेच. भिंतीकडेला गवताच्या गाद्या रचलेल्या. बघणाऱ्याला वाटेल, यांच्याकडे दमडी नाही.

पण तुम्ही वही पाहून आला आहात. इतिहासकार टायलर ॲनबिंडर यांनी याच बँकेची खाती तपासली, तेव्हा टुओसिस्ट आणि केनमेअर भागातून अगदी कफल्लक अवस्थेत आलेल्या या लोकांच्या नावावर थोड्याच वर्षांत शेकडो डॉलर जमलेले निघाले. पोटभाडेकरू आहेत म्हणून शिल्लक आहे आणि शिल्लक टाकायची म्हणून पोटभाडेकरू ठेवले आहेत. वस्तीत येणाऱ्या पाद्र्यांना आणि बातमीदारांना गाद्या दिसल्या, खातं दिसलं नाही. मेरी तरी ते कशाला दाखवेल?

1851, साउथ स्ट्रीटचा धक्का. अजून कॅसल गार्डनमध्ये स्थलांतरितांचं ठाणं उघडलेलं नाही, ते 1855च्या ऑगस्टमध्ये उघडेल. सध्या ते गाण्याबजावण्याचं सभागृह आहे, गेल्याच वर्षी जेनी लिंड तिथे गाऊन गेली. एलिस आयलंडचं ठाणं तर आणखी चाळीस वर्षं दूर, त्यामुळे तिथल्या यादीत मेरीला शोधू नका, पुष्कळ लोक शोधतात. जहाज लागताच दलाल चढतात, सामान हिसकावतात, ओळखीच्या भाषेत बोलून महागड्या खाणावळीत नेतात. कप्तान जकात कचेरीत उतारूंची यादी देतो. मेरी सलिव्हन, 18, आयर्लंड. चार ओळी वर आणखी एक मेरी सलिव्हन, 20, आयर्लंड. यातली आपली कोणती, हे जहाज आणि तारीख चेंबर्स स्ट्रीटच्या वहीत लिहिली होती म्हणूनच कळतं. नाहीतर इथेच हात टेकले असते.

जहाजाच्या पोटातले पाच-सहा आठवडे मी तुम्हाला बसवत नाही. अंधार, ओकारी, चौघांना मिळून सहा फुटी फळी, डेकवरच्या चुलीसाठी भांडणं. लिव्हरपूल, मग आयरिश समुद्र, मग कॉर्कपर्यंतची पायपीट, सगळं उलट्या क्रमाने मागे पडतं आणि तुम्ही केनमेअरला जमिनीच्या कारभाऱ्याच्या कचेरीत येता.

कारभाऱ्याचं नाव विल्यम स्टुअर्ट ट्रेंच. मालक तिसरा मार्क्विस ऑफ लॅन्सडाउन, स्वतः इंग्लंडात. केरीतली या घराण्याची जमीन सुमारे 95 हजार एकर. याच मालकाचा नातू 1845 मध्ये जन्मला, म्हणजे आयर्लंडातल्या बटाट्यावर दुष्काळ आणणारा करपा पहिल्यांदा दिसला त्याच वर्षी, आणि पुढे 1888 ते 1894 हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. गढवालमधलं लॅन्सडाउन हे थंड हवेचं ठिकाण त्याच्याच नावाचं. तिथे सुट्टीला गेलेल्या कुणाच्या मनात टुओसिस्ट येण्याचं काही कारण नाही.

ट्रेंचपुढे हिशेब आहे. हजारो कुळं केनमेअरच्या वर्कहाउसच्या, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रयघराच्या, खर्चावर जगताहेत आणि तो खर्च जमिनीवर बसतो. पाव एकराहून जास्त जमीन धरून राहणाऱ्याला मदत नाही, या 1847च्या कायद्याने अनेकांनी तुकडेही सोडून दिले आहेत. ट्रेंचने आकडे मांडले. यांना एक वर्ष पोसण्यापेक्षा अमेरिकेची तिकिटं स्वस्त पडतात. मग ज्याला जायचं असेल त्याला फुकट प्रवास, बंदर त्याने निवडावं. साडेतीन हजारांहून जास्त लोक असे गेले. ट्रेंचने पुढे 1868 मध्ये आपल्या पुस्तकात हे अभिमानाने लिहिलं. त्याला राक्षस म्हणणारे आहेत आणि उपकारकर्ता म्हणणारेही. मला तो चोख हिशेबनीस वाटतो, आणि हिशेबनिसाला माणसं वाचवण्याचं श्रेय द्यायला मी तयार नाही. मात्र तिकीट मिळालं नसतं तर मेरीचं काय झालं असतं, हेही मला या कचेरीत उभं राहून नीट दिसतं. दाराशी शेकडो लोक आहेत. पायांत काही नाही. मेरीला बंदर विचारलं जातं. ती म्हणते न्यूयॉर्क, कारण आधीची तुकडी तिकडे गेली.

आणखी दहा वर्षं मागे, 6 जून 1841. अजून करपा आलेला नाही. मोठा माणूस दिवसाला पाच-सहा किलो बटाटे आणि ताक यांवर जगतो आहे, आणि आयर्लंडची लोकसंख्या 80 लाखांवर गेली आहे. मेरीच्या बापाच्या झोपडीत तुम्ही कोपऱ्यात बसला आहात. मातीच्या भिंती, एकच खोली. मोजणीदार दारात येतो. सरकारने घरांच्या चार प्रती ठरवल्या आहेत, ही चौथी. तो नावं लिहितो, वयं लिहितो, कुणाला वाचता येतं ते लिहितो, गेल्या दहा वर्षांत या घरात कोण मेलं तेही विचारतो. बाप आयरिशमध्ये उत्तरं देतो. आठ वर्षांची मेरी तोंडात बोट घालून बघते आहे.

तुम्ही सगळं पाठ करून घेऊ लागता, कारण पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. 30 जून 1922 ला, आयर्लंडातल्या यादवी युद्धाच्या सुरुवातीला, डब्लिनमधल्या फोर कोर्ट्सच्या आवारातलं अभिलेखागार स्फोटाने आणि आगीने नष्ट होईल. 1841चे हे तक्ते जवळजवळ सगळे त्यात जातील. चौथ्या प्रतीची घरं कुठे किती, हे छापील अहवालात उरेल.

मोजणीदार कागद गुंडाळून पुढच्या घराकडे निघतो. त्याच्या मागे जा, इथे बसून राहू नका. तिथेही सलिव्हनच राहतात, पण त्यांना गावात वेगळ्या टोपणनावाने ओळखतात. त्या घरातली दोन पोरं पुढे बॅक्स्टर स्ट्रीटवर मेरीकडे पोटभाडेकरू म्हणून राहणार आहेत आणि त्यांचीही खाती चेंबर्स स्ट्रीटवरच आहेत.